अंधाराचे वेळापत्रक : गच्चीवरच्या पॉइन्सेटियाच्या नोंदी

९ मार्च २०२५

गेल्या डिसेंबरात नर्सरीतून आणलेल्या पॉइन्सेटियाच्या चार कुंड्या आता बघवत नाहीत. लाल पाने गळली, देठ उघडे पडले, टोकाला फिकट हिरवी दोन-दोन पाने तेवढी उरली. माळीकाका म्हणाले, "ताई, हे एका हंगामाचं झाड. काढून टाका, कुंडी तरी मोकळी होईल." बहुतेक घरांत तेच होते. पण हे झुडूप आहे, हंगामी रोप नव्हे. आमच्या गल्लीच्या टोकाला जुन्या बंगल्याच्या कुंपणाशी ते दहा फूट वाढले आहे आणि कोणी काही न करता दर हिवाळ्यात लाल होते.

काम ठरले ते असे. या चार कुंड्या जगवायच्या, त्यांची कलमे करायची, जोडीला बंगल्यातल्या झुडपाचीही करायची आणि येत्या नाताळाला गच्चीवरच लाल करायची. शेजारच्या काकू मूळच्या वसईच्या. त्यांच्याकडे दर नाताळात गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, मांडतात. गोठ्यासाठी दोन कुंड्या त्यांना आजच कबूल करून टाकल्या, म्हणजे मधेच कंटाळा करता येणार नाही.

आज छाटणी. मातीपासून वीतभर ठेवून प्रत्येक फांदी कापली, खाली तीन-चार डोळे राहतील अशी. कापताक्षणी पांढरा चीक. एरंडाच्या कुळातले झाड, थोर आणि शेर यांचे भाऊबंद, तेव्हा चीक असणारच. हातमोजे घातले आणि कापलेल्या टोकांना राख लावली, गळती थांबली. बंगल्यातल्या आजोबांनीही त्यांचे झुडूप आजच उतरवले, त्यातल्या अंगठ्याएवढ्या जाड कांड्या मागून आणल्या. दिवसभर सावलीत ठेवून चीक सुकू दिला आणि संध्याकाळी वाळू-मातीत खोचल्या.

चार कुंड्यांना पाणी निम्म्यावर. खत बंद.

२० एप्रिल

पारा चाळिशीला टेकतो आहे. सगळे शेडनेटखाली. छाटलेल्या चारपैकी तीन झाडांना डोळे फुटले, चौथे वाळले. बंगल्याच्या कांड्या मात्र झक्क. अशी जाड कांडी रुजवायला काही कसब लागत नाही, ती रुजतेच.

२८ मे

मान्सून यंदा २६ मेलाच पुण्यात. कुंड्या बदलायचे काम जूनसाठी राखून ठेवले होते, ते दोन संध्याकाळींत उरकावे लागले. पॉइन्सेटियाला पाण्याचा अभाव चालतो, साचलेले पाणी चालत नाही. पायथियम नावाची बुरशी मुळांना धरते, मुळे तपकिरी होतात, आणि वरून पाहणाऱ्याला झाड सुकल्यासारखे दिसते. मग तो आणखी पाणी घालतो.

मिश्रण: कोकोपीट दोन भाग, चाळलेले कंपोस्ट एक भाग, परलाइट एक भाग, माती मूठभर. काळी माती अजिबात नाही. कुंडीच्या तळाला आणखी भोके पाडली आणि कुंड्या विटांवर ठेवल्या, म्हणजे गच्चीवर पाणी तुंबले तरी तळ उचललेला राहील.

१५ जून

तीन झाडांवरून शेंड्याची कलमे घेतली. चार बोटे लांब, वरची दोन-तीन पाने ठेवून. कापल्यावर कोमट पाण्यात बुडवून चीक निघू दिला, मग मुळे फुटायच्या पावडरीत टोक बुडवले आणि कोकोपीट-परलाइटच्या पेल्यांत लावली. वर पातळ पारदर्शक पिशवी सैल घातली. जूनची हवा तशीच ओली, त्यामुळे फवारणीचे फारसे काम नाही.

नर्सरीतल्या या ठेंगण्या जाती बहुतेक पेटंट असलेल्या असतात. घरी रुजवून गच्चीवर ठेवणे वेगळे आणि विकणे वेगळे. ही रोपे विकायची नाहीत.

६ जुलै, आषाढी

कलमांपैकी निम्म्याहून जास्त धरली. जी गेली ती देठाच्या बुडाशी काळी पडून गेली, तीही पिशवी अगदी बंद राहिली होती त्या कोपऱ्यातली.

आज सगळ्यात मजेचे काम केले. नर्सरीतले झाड आणि बंगल्यातले झाड यांत एक फरक आहे. नर्सरीतल्याचा शेंडा खुडला की खालच्या प्रत्येक डोळ्यातून फांदी येते, झाड गोल भरते. बंगल्यातल्याचा खुडला तर एक-दोन फांद्या निघतात आणि त्या सरळ आभाळाकडे जातात. बरीच वर्षे हा फरक केवळ जातीचा मानला जाई. कॅलिफोर्नियातल्या एन्सिनिटासचे एके (Ecke) नावाचे घराणे अमेरिकेच्या पॉइन्सेटिया बाजाराचे दीर्घकाळ राजे होते, आणि त्यांची झाडे इतरांपेक्षा भरगच्च कशी, हे त्यांचे धंद्याचे गुपित होते. गुपित कलमाचे होते. भरगच्च झाडाशी दुसरे झाड कलम करून जोडले की दुसरेही भरगच्च होते. एका विद्यापीठातल्या संशोधकाने ते छापून टाकले आणि मक्तेदारी संपली. कारण मात्र १९९७ साली कळले. झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहणारा फायटोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म जीव हे करतो. वांग्याला बोकड्या रोग आणणारा जीव याच गटातला. तिकडे तो शेतकऱ्याचे पीक घालवतो, इकडे त्याच्यावर अख्खा नाताळचा धंदा उभा आहे. आपण दुकानातून हौसेने आजारी झाड आणतो म्हणायचे!

तर आज भेट कलम. बंगल्याच्या कांडीपासून झालेले एक रोप आणि नर्सरीतले एक जुने झाड, दोन कुंड्या एकमेकांना चिकटवून ठेवल्या. दोघांच्या देठांवरून दोन बोटे लांबीची साल काढून जखमा जुळवल्या. चीक सारखा आड येतो. ओल्या फडक्याने टिपत राहायचे, धार थांबली की मगच बांधायचे. कलमाच्या पट्टीने घट्ट गुंडाळले. आंब्याला करतात तीच रीत. फरक इतकाच की इथे आपल्याला कलम नको आहे, त्या जिवाला पलीकडे जायला पूल हवा आहे. दोन महिन्यांनी सोडवायचे.

१० ऑगस्ट

सगळ्यांचे शेंडे खुडले. पंधरवड्याने १९:१९:१९ खत लिटरला एक ग्रॅम, मधल्या आठवड्यात कॅल्शियम नायट्रेट. जुन्या पानांच्या कडा पिवळ्या पडत होत्या. मॉलिब्डेनम कमी पडले की या झाडाला असे होते. सूक्ष्म अन्नद्रव्यांचे मिश्रण एकदा दिले, नवी पाने स्वच्छ येत आहेत.

पांढरी माशी आली. पान उलटे करून पाहिले तरच दिसते. पिवळे चिकट सापळे लावले, नीम तेल साबणाच्या पाण्यात मिसळून पानांच्या खालून फवारले. हे काय ते आत्ताच उरकायचे. रंग चढल्यावर तेल मारले तर लाल पानांवर डाग उमटतात.

७ सप्टेंबर

काल विसर्जन झाले. आज शेवटची खुडणी. यानंतर खुडले तर नव्या फांद्यांना वाढायला वेळच उरणार नाही. भेट कलमही सोडवले. जोड पक्का धरला होता. नर्सरीतले झाड कापून वेगळे केले, बंगल्यातले आपल्या मुळांवर ठेवले आणि त्याचाही शेंडा खुडला.

रात्री खग्रास चंद्रग्रहण, त्यामुळे गल्लीतली निम्मी मंडळी आपापल्या गच्चीवर. ढगांतून जेवढे दिसले तेवढे पाहिले. मला दुसरेच काम होते. फोनवरच्या प्रकाशमापकाने गच्ची मोजून काढली. आमची इमारत जुनी, दुमजली. रस्त्याच्या दिव्याचा खांब कठड्याहून उंच, आणि त्यावर आता पांढरा एलईडी. रस्त्याकडच्या कठड्याशी ९ लक्स (लक्स हे उजेडाचे माप). गच्चीच्या मधोमध २. पाण्याच्या टाकीमागे शून्य. आख्ख्या गच्चीवर खरा अंधार म्हणावा असा तो टाकीमागचा तुकडा तेवढाच, आणि तिथे आजवर आम्ही मोडक्या खुर्च्या ठेवत आलो.

२१ सप्टेंबर

उद्या घट बसतील. उद्यापासूनच अंधार मोजायला घेते.

पॉइन्सेटिया लाल होतो तो थंडीने नव्हे, लांब रात्रीने. वनस्पती दिवसाची लांबी ओळखतात हे गार्नर आणि अलार्ड या दोघांनी १९२० मध्ये अमेरिकेत तंबाखूवर दाखवले. पुढे १९३८ मध्ये कळले की झाड मोजते ती रात्र, आणि तीही सलग. लांब रात्रीच्या मधे थोडा प्रकाश पाडला तरी झाडाच्या हिशेबी दोन छोट्या रात्री होतात. पॉलिहाऊसवाले शेवंतीचे फूल पुढे ढकलायला रात्री दिवे लावतात ते याच कारणाने. पॉइन्सेटियाला साधारण बारा तासांहून लांब, अखंड काळोखी रात्र लागते, आणि अशा रात्री ओळीने आठ-दहा आठवडे.

इंग्रजी पुस्तके सांगतात, संध्याकाळी पाचला झाड खोक्याखाली झाका आणि सकाळी आठला उघडा. सगळे तेच करतात म्हणून मीही खोकी जमवली. मग नकाशा उघडला. हे झाड मूळचे मेक्सिकोचे, आणि पॉइन्सेटियाच्या इतिहासात ज्या गावाचे नाव पुन्हा पुन्हा येते ते तास्को, गेररो प्रांतातले, डोंगरातले. तिथल्या फ्रान्सिस्कन साधूंनी सतराव्या शतकात नाताळच्या मिरवणुकीत ही झाडे वापरायला सुरुवात केली असे सांगतात. तास्कोचा अक्षांश साडेअठरा अंश उत्तर. पुण्याचाही साडेअठरा. म्हणजे वर्षाच्या कोणत्याही तारखेला तास्कोत जेवढी रात्र तेवढीच पुण्यात. इकडे २१ डिसेंबरचा दिवस अकरा तासांचा, तिकडेही अकराचा. उंची वेगळी. ते पावणेदोन हजार मीटरांवर, आपण साडेपाचशेच्या आसपास, तेव्हा आपल्याकडे ऊब जास्त. पण रात्रीचे गणित तंतोतंत तेच. मग झाकायचे कशासाठी? जी रात्र त्याला मेक्सिकोत मिळते ती इथे फुकट मिळते आहे. मधे उभा आहे तो फक्त खांब.

म्हणून तीन गट केले. पहिला गट रोज संध्याकाळी सहा ते सकाळी आठ झाकलेला. दुसरा टाकीमागे, उघडा, मोडक्या खुर्च्या भंगारात देऊन. तिसरा रस्त्याकडच्या कठड्याशी, दिव्याखाली, तोही उघडा. प्रत्येक गटात नर्सरीच्या जातीची कलमे आणि बंगल्याच्या जातीचे एक रोप. भेट कलमाचे झाड टाकीमागे.

६ ऑक्टोबर, कोजागिरी

मसाला दूध गच्चीवरच. शेजारचे सगळे जमले. मुलाने विचारले, "आई, चंद्राच्या उजेडाने तुझी झाडं बिघडणार नाहीत?" प्रश्न चांगला होता. मापकावर टाकीमागे चांदण्यात शून्यच येते. पूर्ण चंद्राचा प्रकाश एका लक्सच्याही चौथ्या हिश्शाएवढा असतो. तेवढ्याने बिघडत असते तर मेक्सिकोच्या डोंगरात हे झाड दर महिन्याला अडखळले असते.

चंद्रापेक्षा दूध ढवळायला लावलेला बल्ब जास्त धोक्याचा. तो टाकीच्या अलीकडे टांगला आणि पाहुणे गेल्यावर लगेच काढला. एखाद्या रात्रीच्या उजेडाने कार्यक्रम कोसळत नाही. घातक असतो तो रोजचा दिवा.

१२ ऑक्टोबर

ऑक्टोबर हीट. झाकलेल्या गटावर काळे छत्रीचे कापड आहे, बांबूच्या चौकटीवर. संध्याकाळी सहाला झाकते तेव्हाही पश्चिमेचा कठडा तापलेला असतो. आत तापमापक ठेवून पाहिले तर सातला ३३ अंश, बाहेर २७. पुस्तकातल्याप्रमाणे पाचला झाकले असते तर काय झाले असते याची कल्पना आली. रात्रीचा पारा बाविसाच्या वर राहिला की रंग चढायला उशीर होतो. अंधार पुरेसा असला तरी ऊब त्याला अडवते. कापडावर पांढरी चादर टाकली आणि खालून हात-दीड हात हवा जाईल अशी फट ठेवली, रस्त्याच्या उलट बाजूला. आता फरक दोन अंशांचा.

अर्थात हे रोजचे झाकणे-उघडणे म्हणजे घरात तान्हे मूल असल्यासारखेच आहे. साडेपाच वाजले की कुठेही असले तरी घड्याळाकडे लक्ष. टाकीमागच्या गटाला माझी काहीच गरज नाही.

२६ ऑक्टोबर

दिवाळी संपली. पंचाईत ठरलेलीच होती. पॉइन्सेटियाच्या लांब रात्री नेमक्या आपल्या दिव्यांच्या सणांत येतात. नवरात्रात मांडवाच्या माळा, मग वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत आकाशकंदील, आणि काही घरी तो तुळशीच्या लग्नापर्यंत. आमचा कंदील गच्चीवरच्या काठीला लागतो, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच. मीटरभर अंतरावर १५ लक्स. खांबाच्या दिव्याहूनही जास्त.

झाडांसाठी कंदील लावायचा नाही, हे सासूबाईंना सांगण्याची माझी प्राज्ञा नाही. तडजोड झाली. काठी टाकीच्या विरुद्ध कोपऱ्यात, पुढच्या बाजूला. पणत्या जिन्यावर आणि कठड्यावर, तेलाच्या, तासाभरात विझणाऱ्या. टाकीमागे मापकाचा काटा हललाही नाही.

बातमी अशी की झाकलेल्या गटात दोन कलमांच्या शेंड्याची पाने देठाकडून तांबूस दिसू लागली आहेत. नवी पाने लहान, अरुंद, आणि शिरांवर लाली. सुरुवात झाली.

९ नोव्हेंबर

झाकलेला गट ठळक लाल. टाकीमागच्यांत आज पहिली तांबूस पाने, म्हणजे सुमारे पंधरवडा मागे. तिसरा गट गडद हिरवा, उंच, आणि दिसायला सगळ्यात निरोगी.

२३ नोव्हेंबर

आज तिन्ही गट शेजारी ठेवून फोटो काढले.

झाकलेला गट पूर्ण रंगला, नाताळाला महिना असताना. हे जरा लवकरच झाले. लाल भाग म्हणजे फूल नव्हे, छद, म्हणजे फुलाखालची पाने. खरी फुले मधोमध, मिरीच्या दाण्यांएवढी हिरवी-पिवळी वाटोळी, कडेला मधाचा पिवळा ओठ. ती फुले गळून गेली की छदही फार दिवस टिकत नाहीत. दुकानात झाड निवडताना लाल रंग बघू नये, ही मधली पिवळी फुले मिटलेली आहेत का ते बघावे. माझ्या झाकलेल्या गटातली बरीच उमलून गेली आहेत. पहाटे-संध्याकाळची सगळी धावपळ करून मी झाड पंधरवडा आधी म्हातारे केले.

टाकीमागचा गट निम्मा रंगला आहे आणि बरोबर वेळेवर चालला आहे.

दिव्याखालचा गट बघण्यासारखा. नर्सरीच्या एका कलमाला टाकीकडच्या बाजूला, जिथे त्याच्याच पानांची सावली पडते, दोन शेंडे तांबूस. दिव्याकडची बाजू ठार हिरवी. संध्याकाळी बंगल्यापर्यंत जाऊन आले. त्यांचे झुडूपही तसेच आहे आणि इतकी वर्षे माझ्या लक्षात आले नव्हते. कुंपणाच्या आतल्या फांद्यांवर लालीची चाहूल, खांबाला लागून असलेला वरचा घेर हिरवा. आजोबा म्हणाले, "पूर्वी सगळं झाड लाल व्हायचं. मला वाटलं, म्हातारं झालं." झाड म्हातारे झालेले नाही. दिवा नवा आला आहे.

दिव्याखालच्या तीन कुंड्या आज टाकीमागे हलवल्या. किती उशिरा का होईना, बघू.

१२ डिसेंबर

ज्याचे नाव या झाडाला मिळाले तो जोएल रॉबर्ट्स पॉइन्सेट १८५१ मध्ये आजच्याच तारखेला वारला. अमेरिकेत हा दिवस पॉइन्सेटियाचा म्हणून पाळतात. गृहस्थ साउथ कॅरोलिनाचा, मेक्सिकोत अमेरिकेचा पहिला राजदूत, राजकारणात तिथे फारसा आवडता नव्हता. वनस्पतींचा नाद मात्र खरा. १८२८ च्या सुमारास त्याने तास्कोकडून ही झाडे आपल्या गावच्या काचघरात धाडली, पुढच्याच वर्षी ती फिलाडेल्फियाच्या पुष्पप्रदर्शनात मांडली गेली. त्याच्या कितीतरी शतके आधी अॅझ्टेक लोक या छदांपासून रंग काढत आणि चीक तापावर वापरत. मेक्सिकोत त्याचे नाव नाताळच्या आदल्या रात्रीवरूनच आहे.

पहाटेचा गारवा आता चांगलाच. दहा अंशांखाली पारा गेला तर या झाडाला सोसत नाही, पाने काळवंडतात. भिंतीचा आडोसा असल्याने टाकीमागे एक-दोन अंश ऊब जास्त राहते. पाणी सकाळी, ऊन आल्यावर, आणि कुंडी उचलून हलकी वाटली तरच. कॅल्शियम चालू, नाहीतर छदांच्या कडा करपतात. बाकी खत बंद.

भेट कलमाचे झाड: सप्टेंबरात खुडल्यावर त्याला खालच्या पाच डोळ्यांतून फांद्या आल्या. त्याच कांडीचे, त्याच दिवशी खुडलेले शेजारचे साधे रोप दोन फांद्यांवर थांबले आणि छातीएवढे उंच झाले. एका झाडावरून छातीठोक काही म्हणू नये, पण जीव पूल ओलांडून पलीकडे गेला असे मी धरून चालते. रंग दोघांनाही अजून कोवळा. जुनी जात मुळात उशिराची.

२१ डिसेंबर

सर्वांत लांब रात्र. टाकीमागचा गट ऐन भरात. छद गच्च, मधली फुले अजून मिटलेली, म्हणजे निदान महिनाभर टिकावीत.

काकूंच्या दोन कुंड्या आज पोचवल्या. नेताना प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून तासन्‌तास ठेवायचे नाही. झाड स्वतःच सोडत असलेला इथिलीन वायू आत साचतो आणि पाने मान टाकतात. वर्तमानपत्राचा सैल घोळ पुरतो. काकूंनी गोठ्याची तयारी केली होती. भाताचे गवत, शेवाळ, मातीच्या मेंढ्या, मागे निळा कागद. कुंड्या ठेवायची जागा मात्र केळ्यांच्या घडाशेजारी काढलेली. म्हटले, "काकू, पिकत्या केळ्यांपासून लांब ठेवा, त्यांच्यातूनही तोच वायू निघतो." काकू हसल्या, "अगं, वसईवाल्यांकडे नाताळात केळी नाहीत असं होईल का? तूच सांग कुठं ठेवू." शेवटी केळी स्वयंपाकघरात गेली आणि कुंड्या गोठ्याच्या दोन अंगांना, खिडकीच्या उजेडात पण वाऱ्याच्या झोतात नाही अशा.

आता एकदा रंग पूर्ण चढला की रात्री दिवाणखान्यात दिवे असले तरी बिघडत नाही, हेही त्यांना सांगितले. नाहीतर नाताळभर त्या अंधारात बसल्या असत्या.

त्यांच्या नातवाच्या आईची शंका: हे झाड विषारी ना? अमेरिकेत १९१९ मध्ये हवाईत एक मूल याचे पान खाऊन दगावल्याची कथा पसरली आणि ती अजून फिरते आहे. १९९६ मध्ये छापलेल्या एका आढाव्यात अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे नोंदलेली पॉइन्सेटियाची २२,७९३ प्रकरणे तपासली. एकही मृत्यू नाही, आणि नव्वद टक्क्यांहून जास्त जणांना काहीही झाले नव्हते. चीक अंगाला लागून खाज येऊ शकते, पोटात गेला तर मळमळेल. रबराची ॲलर्जी असणाऱ्यांनी मात्र जपावे. कुंडी बाळाच्या हाताला लागणार नाही अशी उंचावर ठेवली की झाले.

४ जानेवारी २०२६

झाकलेल्या गटाचे छद गळू लागले. टाकीमागचा गट तसाच भरलेला. बंगल्याच्या जातीची दोन्ही झाडे आता कुठे पूर्ण लाल झाली, मोठे, लोंबते, जरा फाटके वाटणारे छद. नर्सरीच्या जातीपुढे ती गबाळी दिसतात. मला तीच जास्त आवडली.

पुढच्या हिवाळ्यासाठी ठरवून टाकले: छत्रीचे कापड, चौकट, चादर, सगळे माळ्यावर. झाकणे बंद. कोणाला दसरा-दिवाळीतच लाल झाड हवे असेल त्याने ऑगस्टपासून झाकावे, नाताळासाठी पुण्यात गरज नाही. टाकीमागची जागा मात्र कोणालाही खुर्च्या ठेवायला मिळणार नाही. आणि आजोबांच्या झुडपासाठी खांबाच्या दिव्याला रस्त्याकडे वळवणारी पत्र्याची आडोशी बसवून मिळावी म्हणून अर्ज लिहिला आहे. सह्या गोळा करते आहे. गल्लीतल्या काहींना वाटते, झाडासाठी अर्ज म्हणजे जरा अतीच. आडोशीने रस्त्यावरचा उजेड कमी होणार नाही, उलट वाढेल, हे समजावल्यावर सही करतात.

२५ जानेवारी, रथसप्तमी

नोव्हेंबरात दिव्याखालून हलवलेल्या तीन कुंड्या आता लाल झाल्या. नाताळ हुकला, पण संक्रांतीचे हळदीकुंकू आज शेवटचे होते. सासूबाईंनी यंदा वाण काय लुटायचे म्हणून स्टीलच्या वाट्या आणायचा घाट घातला होता. मी उरलेली सगळी छोटी कलमे मांडली, मधोमध त्या तीन मोठ्या कुंड्या. कलमे वाणात गेली. मोठ्या कुंड्या चिठ्ठी टाकून दिल्या. एक आजोबांच्या सुनेला लागली, तिच्याकडे मुळात दहा फुटी झाड आहे, तिने ती लगेच काकूंच्या सुनेला देऊन टाकली.

प्रत्येक कुंडीला सुतळीने चिठ्ठी बांधली आहे: मार्चमध्ये वीतभर ठेवून छाटा. कापताना चिकाला जपा. पावसात तळ उचललेला ठेवा. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर शेंडा खुडू नका. घट बसल्यापासून रात्री जिथे वर्तमानपत्राची अक्षरे दिसत नाहीत अशा जागी ठेवा.

माळीकाकांनीही एक नेली. चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, "आमच्या नर्सरीला रात्रभर हॅलोजन असतो, ताई. तरीच."